खलनायकाच्या कमरेला काय खोचावे?

कोल्हापुरात राहून गुन्हेगारीवरचा विनोदी चित्रपट काढायचे आपण मनावर घेतलेच असेल, तर पटकथेची चिंता करू नये. ती चित्रीकरण सुरू झाल्यावर सुचत जाते. आधी पिस्तुलांचे बघावे. पोस्टरवर पात्रे पाच असतील तर नळ्या निदान सात दिसल्या पाहिजेत आणि त्यातली एक नायिकेच्या आजीच्या हाती असली पाहिजे, म्हणजे चित्रपट विनोदी आहे हे लोकांना कळते.

टोळीच्या म्होरक्याला डेझर्ट ईगलच द्यावे. काल-परवापर्यंत मोटारसायकली चोरणाऱ्या इसमाला ते कोठून मिळाले, हे कोणी विचारत नाही. हे पिस्तूल रिकामे असतानाच सुमारे २ किलो भरते, तरीही म्होरक्याने ते पँटमध्ये मागच्या बाजूस खोचून गल्लीबोळांतून पळावे. मात्र २ किलो गुळाची ढेप कमरेला खोचून रंकाळ्याभोवती पळून बघण्याची बुद्धी आपल्या नटाला होऊ देऊ नये. तसे केल्यास पँट कोठवर उतरते हे त्याला कळेल, मग तो ते पडद्यावर करून दाखवील, आणि लोक हसतील.

उजव्या हाताच्या माणसाला ग्लॉक द्यावे. या ऑस्ट्रियन पिस्तुलाला बाहेरून दिसणारा घोडाच नसतो, त्यामुळे अंगठ्याने मागे ओढण्यासारखे त्यावर काही नाही. तरीही धमकी देताना अंगठा हलवावा आणि ध्वनिसंयोजकाकडून ‘खट्’ असा आवाज घालून घ्यावा. एका संवादात तो तीनदा आला तरी बिघडत नाही.

गोळ्यांचा हिशेब ठेवू नये. रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा ६ काडतुसे मावतात आणि एके-४७ मिनिटाला ६०० च्या वेगाने झाडली तर तिचे ३० गोळ्यांचे मॅगझिन ३ सेकंदांत रिकामे होते. ३ सेकंदांत तर खलनायकाचे हसणेसुद्धा पुरे होत नाही. मागे अशाच एका चित्रपटाला माझ्या मागच्या रांगेतील गृहस्थ बोटांवर बार मोजत होते. अकराव्याला त्यांना राहवले नाही आणि ते शेजाऱ्याला म्हणाले, “आरं, सहाचंच हाय न्हवं ते?” शेजारी म्हणाला, “गप बघ की भावा, तिकीट काढलंय.” दीड तासात आमच्या रांगेत पिकलेला तो पहिला हशा होता.

या बाबतीत आपला जिल्हा जरा अडचणीचा आहे, हे मान्य करावे लागेल. २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीचे जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत इथल्या, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या राही सरनोबत इथल्या, आणि २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिम्पिकचे कांस्यपदक घेऊन आलेले स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. कुसाळे ज्या ५० मीटर रायफल प्रकारात उतरतात, त्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. अशा जिल्ह्यात आपल्या सहा गुंडांनी दहा पावलांवर उभ्या असलेल्या नायकावर दोनशे गोळ्या झाडाव्यात आणि त्यांतली एकही त्याला लागू नये. मागचा माठ तेवढा फुटावा. त्यासाठी पिस्तूल आडवे धरावे, म्हणजे नेम धरण्याची खाच डोळ्यासमोरून निघून जाते आणि चुकण्याला निदान सबब राहते.

चुकून कोणाला गोळी लागलीच, तर तो दहा फूट मागे उडून काचेतून बाहेर पडला पाहिजे. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने आली, तरी ७५ किलोच्या माणसाला सेकंदाला ४ सेंटिमीटरचाही वेग देऊ शकत नाही. त्याहून अधिक तो तालमीत नुसत्या ढकलाढकलीत हलतो. शिवाय गोळी झाडणाऱ्यालाही निदान तेवढाच धक्का बसतो, पण न्यूटनला कोल्हापुरात कोण विचारतो?

सायलेन्सर मात्र रिव्हॉल्व्हरलाच लावावा. रिव्हॉल्व्हरची फिरती चकरी आणि नळी यांच्यात फट असते व बराचसा आवाज तेथूनच निसटतो, म्हणून टोकाला नळकांडे बसवून फारसे काही साधत नाही. पण दिसायला ते झकास दिसते. सायलेन्सर योग्य पिस्तुलाला लावला तरी १६० डेसिबलच्या आसपासचा बार २०-३० डेसिबलनेच उतरतो, ही बाब दडवून आपण ‘फुस्स’ एवढाच आवाज ठेवावा. कथा गणपती विसर्जनाच्या रात्रीची असेल तर हाही खर्च वाचतो, कारण डॉल्बीच्या भिंतीसमोर तोफ डागली तरी कोणी वळून बघणार नाही.

एक पथ्य तेवढे कसोशीने पाळावे: परवान्याची खरी बंदूक पटकथेत येऊ देऊ नये. ती बहुधा पिकाच्या राखणीसाठी घेतलेली, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली बाराबोर असते, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निरोप येतो. समजा, आपल्या टोळीने सहा महिने खपून सराफी पेढीवर दरोड्याचा बेत आखला, चुलत्याची बाराबोर मिळवली, आणि त्याच दुपारी निवडणूक जाहीर झाली. चुलत्याचे गुडघे धरलेले, म्हणून म्होरक्या त्याला मोटारसायकलवर मागे बसवून, बंदूक दोघांच्या मध्ये आडवी धरून ठाण्यात घेऊन जातो. रांग मोठी आहे. हवालदार पावतीपुस्तकात कार्बन सरकवत विचारतात, “काडतुसं किती?” चुलते सांगतात, “दोन.” हवालदार परवाना उलटसुलट करून पाहतात. “पाच घेतल्याची नोंद हाय. तीन कुठं उडवली?” चुलते पुतण्याकडे बघतात आणि पुतण्या बोटे मोजू लागतो.

असला प्रसंग आपण लिहू नये. त्यात एकही बार उडत नाही, आणि ‘खट्’ घालायला जागा तेवढी हवालदारांच्या शिक्क्यापाशी सापडते.