मणक्याचं ऑपरेशन आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज येतो. ‘मणक्याचं ऑपरेशन कधीच करू नका, माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. गादी सरकली तर जाणकाराकडून बसवून घ्या. मणक्यात गाठ निघाली तर तो कॅन्सरच, आणि चाकू लागला की तो पसरतो. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’ पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते, हे मला ठाऊक आहे. पण हाच मेसेज माझ्या आत्याला वाचून दाखवला गेला आणि तिचे सात महिने हातचे गेले. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर लिहिते आहे.

‘माणूस अंथरुणाला खिळतो.’ मज्जारज्जू पार खालपर्यंत जातो असं आपण धरून चालतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नुसता नसांचा झुपका असतो. कमरेची गादी सरकते ती बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधली, नाहीतर पाचव्याच्या खालची. म्हणजे तिथल्या ऑपरेशनमध्ये मज्जारज्जू आसपासही नसतो. धोके आहेतच: एखादी नस दुखावू शकते, नसांवरचं आवरण फाटू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, काहींची तीच गादी पुन्हा बाहेर येते. सही करण्याआधी हे सगळं सर्जनला विचारावं. मानेत आणि पाठीत मात्र मज्जारज्जू समोरच असतो आणि तिथली जोखीम खरोखर मोठी असते. म्हणून तिथली गाठ काढताना मेंदूकडून निघालेला संदेश पायाच्या स्नायूंपर्यंत पोचतोय का, हे अनेक ठिकाणी यंत्रावर सतत बघत राहतात.

‘अमक्याचे पाय ऑपरेशननं गेले’ असं कुणी सांगितलं की मी एकच विचारते: आदल्या दिवशी ते कसे चालत होते? दोनदा मला उत्तर मिळालं, ‘अगं, उचलूनच नेलं होतं.’ महिनोन् महिने दबलेला मज्जारज्जू दाब काढल्यावर पूर्ण सावरेलच असं नाही. उशीर झालेला असतो आणि नाव ऑपरेशनचं होतं.

‘गादी बसवून घ्या.’ गादी काही ड्रॉवरसारखी जागची हलत नाही. तिचं बाहेरचं कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नसेवर दाबतो. तो गर टाचेनं, कोपरानं किंवा झटका देऊन आत जात नाही. मग हाडवैद्याकडून लोक बरे होऊन येतात ते कसे? बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू जिरवतं, म्हणून. इथे मेसेजमधला खरा अंश मान्य करायला हवा: गादी सरकलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पायात कळ जाणाऱ्या या रुग्णांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन लवकर करायचं ठरलं, बाकीच्यांनी औषधं आणि व्यायामावर थांबायचं. वर्षानंतर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली, एवढाच मोठा फरक. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र त्या वर्षात ऑपरेशन करावंच लागलं.

नुसता एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरायचं कारण नाही, हेही तितकंच खरं. काहीही न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३० टक्क्यांची आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची गादी फुगलेली होती. दुखत काहीच नव्हतं!

आत्याची फसगत नेमकी इथे झाली. तिला कळ नव्हतीच. पाय जड, तळवे बधिर. एकदा भाजी घेऊन मंडईतून घरी आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी रस्त्यात कुठे निसटली, तिला पत्ता नाही. आम्ही हसलो. त्या हसण्याची आजही लाज वाटते. कमरेचा एमआरआय काढला, गादी फुगलेली दिसली, आणि सगळ्यांनी त्या गादीलाच दोषी धरलं. मग मेसेज, मग हाडवैद्य, मग तेल. गाठ होती वर, पाठीच्या मणक्यांत, त्या फोटोच्या बाहेर.

‘गाठ म्हणजे कॅन्सर.’ तिची गाठ मेनिंजिओमा निघाली, मज्जारज्जूच्या आवरणातून वाढणारी. मध्यमवयीन बायकांत पाठीच्या भागात ती जास्त आढळते आणि बहुतेक वेळा साधीच असते. नसेच्या आवरणावरचा श्वानोमाही तसाच. अशा गाठी कॅन्सर म्हणून जीव घेत नाहीत, पण दाबून पाय घेतात. त्या काढणं हाच मुख्य उपचार आहे, आणि तो नवा नाही. लंडनमध्ये १८८७ साली सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी मणक्यातली अशी गाठ काढली होती. एमआरआय सोडा, साधा एक्स-रेही तेव्हा नव्हता. मज्जासंस्थेचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी लक्षणांवरून गाठीची जागा ताडली होती. पाय गेलेला तो रुग्ण पुन्हा चालायला लागला.

‘चाकू लागला की पसरतो.’ स्तनाचा, फुप्फुसाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात येतो तेव्हा तो आधीच पसरलेला असतो. तिथलं ऑपरेशन मज्जारज्जूवरचा दाब काढण्यासाठी असतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा १०१ रुग्णांपैकी काहींना फक्त रेडिएशन दिलं, काहींचं आधी ऑपरेशन आणि मग रेडिएशन. उपचारानंतर चालू शकणारे होते फक्त रेडिएशनवाल्यांत ५७ टक्के आणि ऑपरेशनवाल्यांत ८४ टक्के. ऑपरेशन झालेल्यांची चाल साधारण १२२ दिवस टिकली, दुसऱ्या गटाची १३ दिवस. निवडक रुग्ण होते ते: दाब एकाच भागात, आणि पाय पूर्ण जाऊन दोन दिवसांहून जास्त झालेले नाहीत. प्रत्येकाला हे लागू होत नाही. पण शेवटचे चार महिने स्वतःच्या पायानं बाथरूमला जाणं आणि दोन आठवड्यांत ते थांबणं, यातला फरक घरात असा पेशंट असलेल्यांना विचारा.

मांडीच्या आतल्या बाजूची, बसण्याच्या जागेची बधिरता, लघवी तुंबणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, शर्टाची बटणं लावताना बोटं न ऐकणं: यातलं काहीही दिसलं तर मालिश नको. लघवी तुंबली असेल तर सकाळची वाटही बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

आत्याच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली. डावा तळवा अजून थोडा बधिर आहे. तेवढं परत आलं नाही. ती मागे पट्टा असलेल्या सँडल घालते आणि मंडईत एकटी जाते.