सहा की नऊ? आयर्विन पुलाची पट्टी बघा

जमिनीवर एक आकडा, दोन्ही बाजूंना एकेक माणूस. एकाला सहा दिसतो, दुसऱ्याला नऊ. खाली मजकूर: ‘दोघंही बरोबर. वास्तव असं काही नसतंच, ज्याचं त्याचं सत्य वेगळं. म्हणून कुणाला चूक म्हणू नका.’ पुष्टीला जैन दर्शनातला अनेकांतवाद आणि क्वांटम भौतिकी. हे चित्र सांगलीतल्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतं आणि लोक हात जोडून पुढे पाठवतात. मला हा विचार नदीकाठच्या गावात घातक वाटतो.

आधी आकडा. तो कुणीतरी काढलाय. घराचा क्रमांक असेल तर शेजारच्या दारांवर पाच-सात आहेत की आठ-दहा, हे बघितलं की उत्तर मिळतं. चित्रात आजूबाजूचं सगळं पुसलंय, म्हणून वाद उरतो.

‘प्रत्येकाला वेगळं दिसतं, म्हणजे वास्तव वेगळं.’ सांगलीकराला हे पटूच कसं शकतं? कृष्णा चढायला लागली की सगळं गाव आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवरची पाण्याची पातळी विचारतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पाणी सूर्यवंशी प्लॉटमध्ये आधी शिरतं, मारुती चौकात नंतर. एकाच वेळी एकाच्या घरात गुडघाभर पाणी, दुसऱ्याचं अंगण कोरडं. अनुभव दोन, पण पुलावरचा आकडा आणि जागेची उंची माहीत असेल तर कुणाच्या दारात किती पाणी असेल, हे तिथं न जाता सांगता येतं. प्रत्येकाचं वास्तव खरंच वेगळं असतं, तर हा हिशेब जुळलाच नसता.

फूट हे माप माणसांनी ठरवलं, हे मान्य. मार्केट यार्डातला हळदीचा दर तर सौद्यातच ठरतो. तो माणसांमधलाच व्यवहार. राजापुरीचा रंग आवडतो की सेलमचा, हे ज्याच्या त्याच्यापाशी. पण पोत्यातल्या हळदीत ओल किती, कुरकुमीन (तिला पिवळा रंग देणारा घटक) किती, हे ना बोलीनं बदलतं ना आवडीनं. या तीन गोष्टी एकाच पोत्यात असल्या तरी एक नव्हेत.

अनेकांतवादाचा आधार घेणं मला सगळ्यात जास्त खटकतं, तेही जैन समाज एवढ्या मोठ्या संख्येनं असलेल्या आपल्या जिल्ह्यात. वस्तूला अनेक अंगं आहेत आणि आपल्या हाती त्यातलं एखादंच लागतं, असं ते दर्शन सांगतं. सोंड चाचपणारा आणि पाय चाचपणारा दोघंही अपुरे, कारण हत्ती एक आहे. शिवाय हेच दर्शन केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, शक्य मानतं. त्याला ‘सत्यच नाही’च्या बाजूला उभं करणं अन्याय आहे.

क्वांटमचं थोडक्यात. ‘निरीक्षणानं वास्तव बदलतं’, असा त्याचा आधार घेतात. पण तिथं ‘निरीक्षण’ म्हणजे कुणाचं मन नव्हे. उपकरणानं केलेली नोंदही मोजणीच असते, आणि तोच प्रयोग पुण्यात करा की जिनिव्हात, निकालांचं प्रमाण तेच येतं.

‘म्हणून कुणाला चूक म्हणू नका,’ हा शेवटचा मुद्दा. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अनेकजण त्या खुणेवर विसंबून घरात थांबले: ‘तेव्हा आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं.’ अनुभव अगदी खरा, त्यावरून काढलेला अंदाज चुकीचा. त्या वेळी पाणी ५७ फूट ओलांडून गेलं. अशा वेळी ‘तुमचं सत्य तुमच्यापाशी’ म्हणणारा शेजारी बरा, की ‘काका, चुकताय, आत्ता निघा’ म्हणत हाताला धरून बाहेर काढणारा?