सिस्टीम ओके, गिऱ्हाईक गार

"दोष आढळला नाही. ग्राहकाला थंडी वाजते."

एवढं निदान लिहून, त्याखाली माझीच सही घेऊन तंत्रज्ञ निघून गेला. सही करताना मला पेन धड धरवत नव्हतं. ते त्याने पाहिलंही होतं, तरी त्याने तसं लिहिलं. म्हणजे तपासणीत दोष सापडलाच असेल तर तो माझ्यात, आणि माझी वॉरंटी कुणीच घेतलेली नाही.

आमच्या घरात हायब्रिड हीटिंग आहे. बाहेर पंखा लावलेलं कपाटाएवढं खोकं, तो हीट पंप. आत भिंतीवर गॅसचा बॉयलर. आणि दोघांपैकी कुणी केव्हा राबायचं हे ठरवणारा एक कंट्रोलर, जो स्वतः काडीचं काम करत नाही. कल्पना मात्र झकास. हवा सौम्य असेल तेव्हा हीट पंप विजेचं एक युनिट घेऊन बाहेरच्या हवेतली ऊब ओढतो आणि घरात तीन-चार युनिटं उष्णता आणून टाकतो. कडाका वाढला की त्याची कमाई दोनाच्या आसपास उतरते. मग त्याने दमायचं नाही, बॉयलरने सूत्रं हाती घ्यायची. वाचताना मी भारावून गेलो होतो. राहायला लागल्यावर कळलं की आमचं घर दोन वॉर्डांच्या हद्दीवरच्या खड्ड्यासारखं आहे. दोघांचं म्हणून कुणाचंच नाही.

हीट पंपवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "आमचं मशीन बरोबर चाळीस अंशांचं पाणी देतंय. त्यापुढचं बॉयलर बघेल." बॉयलरवाले म्हणाले, "आम्हाला सिग्नल आला तर आम्ही पेटणार ना?" कंट्रोलरवाल्यांनी तर ऐकून घेण्याआधीच सांगितलं, "कंट्रोलर फक्त दिलेल्या आकड्यांवर चालतो." तिघंही खरं बोलत होते, हेच जास्त लागलं. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या चाळीस अंशांचं सांगतो. जुना बॉयलर एकटा होता तेव्हा रेडिएटरमध्ये सत्तर अंशांचं पाणी फिरायचं, हात लावला की चटका. हीट पंपाला मात्र कोमट पाणीच परवडतं. पाणी जितकं गरम मागाल तितका त्याचा कॉम्प्रेसर जास्त धापा टाकतो आणि वीज जास्त खातो. पण रेडिएटर तेच, जुने. खोलीच्या हवेपेक्षा पाणी पन्नास अंशांनी गरम असताना रेडिएटर जेवढी ऊब देतो, त्याच्या निम्मीसुद्धा तो पंचवीस अंशांच्या फरकाला देत नाही. चाळीस टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. म्हणून मोठे रेडिएटर लावा किंवा जमिनीखालून पाइप फिरवा, असं जाणकार सांगतात. आम्हाला हे यंत्रं बसल्यावर सांगितलं.

तर त्या दिवशी तंत्रज्ञ रेडिएटरला थर्मामीटर लावून मान डोलवत होता, तेवढ्यात शेजारचे काका चपलांसकट आत घुसले. कानटोपी, मफलर, आणि हातात पाण्याने काठोकाठ भरलेली बादली.

"अरे, आधी बाहेर ये! तुझं यंत्र पेटलंय!"

बाहेर खरोखरच खोक्यातून पांढरे लोट उठत होते. काका बादली रिकामी करायच्या बेतात होते. तंत्रज्ञाने धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"धूर नाही हो, वाफ आहे. डीफ्रॉस्ट चालू आहे."

"म्हणजे काय?"

"हवा दमट आणि शून्याच्या आसपास असली की कॉइलवर बर्फ धरतो. मग यंत्र थोडा वेळ उलटं चालतं आणि घरातल्या पाण्यातली ऊब बाहेर आणून तो बर्फ वितळवतं."

"कुणाच्या घरातली?"

"यांच्याच."

काकांनी बादली खाली ठेवली. त्यांचं पाणी सांडलं ते माझ्या मोज्यांवर, पण तो मुद्दा त्या वेळी कुणाला महत्त्वाचा वाटला नाही.

"म्हणजे याने पैसे मोजून आत आणलेली ऊब हे खोकं परत बाहेर नेतं. का? तर खोक्याला थंडी वाजते!"

"काही मिनिटंच, काका."

"आणि याला थंडी वाजते त्याचं काय?"

तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "ते सिस्टीममध्ये येत नाहीत."

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! बाहेर दोन अंश असताना तिथून ऊब आणायची म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडण्यातला प्रकार, असं त्यांचं म्हणणं. तंत्रज्ञही पेटला. (घरात पेटलेला तो एकटाच.) शून्य अंश म्हणजे उष्णता संपली असं नसतं, केल्विनच्या मापात ते २७३ होतात, हवेत ऊब भरपूर असते, असं तो म्हणाला.

"मग आज किती?"

"२७५."

"मग तू रात्रभर इथेच उभा राहा. २७५ आहे ना? आम्ही आत जातो."

"आतला वायू प्रोपेन आहे, काका. तो उणे ४२ अंशांनाच उकळतो. त्याच्या हिशेबाने आजची हवा कडक गरम आहे."

"त्याच्या हिशेबाने! अरे, घरात राहतो कोण? तो की हा?"

काका आत आले, रेडिएटरवर तळवा ठेवला, थर्मामीटर वाचला आणि म्हणाले, "चाळीस. एवढा ताप माणसाला आला तर डॉक्टरकडे नेतात. इथे म्हणे ओके."

त्यानंतरच ते निदान लिहिलं गेलं. माझी समजूत आहे की काका नसते तर त्याने निदान "ग्राहक समाधानी नाही" एवढं तरी लिहिलं असतं.

खरं तर या तंत्रात नवीन काही नाही, आणि त्यानेच जास्त चिडचिड होते. थंड करण्याचं यंत्र उलटं वापरून इमारती गरम करता येतील हे विल्यम थॉमसन यांनी १८५२ साली मांडलं. पुढे लॉर्ड केल्विन झाले ते हेच. मघाचे २७३ त्यांच्याच नावावर. झुरिकचा टाउन हॉल १९३८ पासून नदीच्या पाण्यातली ऊब ओढून गरम होत होता. नदीच्या! आणि माझी बैठकीची खोली अजून प्रतीक्षा यादीत आहे.

कंट्रोलरची अक्कलही वाईट नाही, फक्त ती माझ्या बाजूची नाही. तो खर्चाचा हिशेब करतो. विजेचं युनिट गॅसच्या साडेतीन पट महाग आहे आणि बॉयलर गॅसमधली नव्वद टक्के उष्णता देतो असं धरलं, तर हीट पंपाने एकाचे ३.१५ केले तरच तो स्वस्त पडतो. त्याखाली गेला की बॉयलर. शिवाय बाहेरच्या तापमानाची एक हद्द ठरवून दिलेली असते. आमच्याकडे ती दोन अंशांवर आहे. पारा त्याखाली गेला की बॉयलर पेटायलाच हवा. मोबाइलवर हिरव्या पानाचं चित्र येतं आणि आज किती कार्बन वाचवला ते कळतं. ही दोन स्वेटर घालून ते पान बघत बसते. "चांगलं आहे," म्हणते. कुठल्या सुरात म्हणते ते इथे लिहिता येत नाही.

मग उणे अंशांतसुद्धा बॉयलर पेटून लगेच का विझतो? याचं उत्तर बादली न्यायला परत आलेल्या काकांनी दिलं.

"ही पांढरी डबी कसली रे?"

तो बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर होता. सूर्य, खिडकी, धुराडं यांपासून लांब, उत्तरेच्या भिंतीवर लावायचा असतो. माहितीपत्रकात चित्रासकट छापलंय. आमचा सेन्सर बॉयलरच्या धुराड्याच्या वर वीतभर अंतरावर होता. बॉयलर पेटला की गरम वाफ थेट त्याच्या तोंडावर. सेन्सर कळवणार, वसंत ऋतू आला. कंट्रोलर बॉयलर बंद करणार. डबी गार झाली की पुन्हा हिवाळा. दिवसभर आमच्या भिंतीवर ऋतुचक्र फिरत होतं, आणि हे शिकलेल्या कुणालाच दिसलं नाही, कारण सगळे आत यंत्रांपुढे उभे राहून ओके म्हणत होते.

सेन्सर हलवायला कुणी येईना. हीट पंपवाले म्हणाले, धुराडं बॉयलरचं. बॉयलरवाले म्हणाले, डबी हीट पंपाच्या खोक्यातून आलेली. शेवटी काकांनीच ओला पंचा आणून डबीला गुंडाळला. कापड गारठलं, सेन्सर गारठला, कंट्रोलर घाबरला आणि बॉयलर जो पेटला तो विझेचना. घरात पहिल्यांदा स्वेटर निघाले. काका रोज संध्याकाळी पंचा भिजवायला यायचे आणि मग रात्री उशिरापर्यंत आमच्याच सोफ्यावर पाय पसरून ऊब खात बसायचे. त्यांच्याही घरी हायब्रिड आहे, हे तेव्हा कळलं.

मग एकदाचा पाहणीला माणूस आला. त्याने आत पाऊलही टाकलं नाही. पंच्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि गेला. दोन्ही कंपन्यांची पत्रं एकाच दिवशी आली: सेन्सरशी छेडछाड झाल्यामुळे वॉरंटी रद्द. मजकूर शब्दन् शब्द सारखा.

काकांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी धरून वाचली आणि चष्मा काढला.

"बघ," ते म्हणाले, "जमतं की दोघांचं."