मयताला जायची परवानगी

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी लिहिलं, ‘खुनातल्या कैद्याला बापाच्या मयतासाठी पॅरोल! अमेरिकेत असले लाड नसतात, तिकडं सरळ आत सडवतात.’ बातमी आमच्या आटपाडीकडचीच. खाली अंगठ्यांची रांग. मी रात्रपाळीला निघाले होते. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता ते वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. मामा ज्या अमेरिकेचा दाखला देतात, तिथल्या न्यूयॉर्क राज्यात पॅरोल अधिकाऱ्यांसाठी डिस्पॅचरचं, म्हणजे रेडिओ-फोनवरून त्यांच्याशी संपर्क ठेवायचं, काम मी गेले पाच महिने शिकतेय.

मुळात शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजा. कारण दाखवायचं, जायचं, ठरल्या दिवशी परत तुरुंगाच्या दारात उभं राहायचं. आपल्याकडे फर्लो-पॅरोलचे नियम १९५९ पासून आहेत. फर्लो म्हणजे कारण न दाखवताही ठरावीक काळानं मिळणारी रजा. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत, ते परत येऊन भोगावेच लागतात. याला लाड म्हणायचं? इथे पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा तुरुंगाबाहेर, अधिकाऱ्याच्या नजरेखाली काढायची. तीही वर्षानुवर्षं. मामांच्या ‘सडवणाऱ्या’ न्यूयॉर्कनं २०२१ साली कायदा केला, तो मार्च २०२२ पासून पूर्ण लागू झाला. रात्री ठरलेल्या वेळेत घरी पोचला नाही, एवढ्याच कारणासाठी माणसाला आता पुन्हा आत टाकता येत नाही. हे ग्रुपवर कुणी लिहिणार नाही.

आमचं काम बाहेरून साधं दिसतं. अधिकारी कुणाच्या घरी जाण्याआधी रेडिओवर पत्ता सांगतो, मी वेळ टिपते. ठरल्या वेळात आवाज आला नाही तर मी हाक देते. तरी उत्तर नाही आलं तर मदतीला माणसं धाडायची. पहिल्या महिन्यात माझे उच्चार ऐकून पलीकडून सारखं ‘पुन्हा सांग’ यायचं. आता ॲडम, बॉय, चार्ल्स करत अक्षरं सांगते. माझा रेडिओवरचा आवाज आईनं ऐकला तर तिला तो ओळखू यायचा नाही.

सगळ्यात जीव घेणारी असतात ती दहा मिनिटं. दुसऱ्या राज्यात पोलीस गाडी थांबवतात, त्यांच्या स्क्रीनवर आमचं अटकेचं वॉरंट दिसतं आणि तातडीची विचारणा येते, हे अजून चालू आहे का? दहा मिनिटांत ते वॉरंट नोंदींतून शोधायचं, नाव, जन्मतारीख, अंगावरच्या खुणा ताडायच्या आणि उत्तर द्यायचं. चुकीचं ‘हो’ गेलं तर भलताच माणूस कोठडीत. उशीर झाला तर हवा असलेला माणूस निघून गेलेला. एकदा फोनवर मी ०४/०७ ही तारीख ‘चार जुलै’ म्हणून वाचली. इथे ती सात एप्रिल. शिकवणारीनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला म्हणून निभावलं. त्या रात्री घरी येऊन मी जेवले नाही.

माणूस सोडणं म्हणजे त्याला मोकाट सोडणं नव्हे, त्याच्यामागे कुणीतरी रात्रभर जागं असतं, हे मामांना दिसत नाही याचा मला राग येतो. पॅरोलवर सुटून फरार होणारे असतात, वजनदार माणसाचा अर्ज लवकर हलतो, हे मी नाकारत नाही. त्यावर बोला की! मयताला जाणाऱ्यावर कशाला घसरता? आणि आटपाडीच्या माणसानं तर मुळीच नाही. औंध संस्थानाच्या काळापासून आपल्या उशाला स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. तिथले कैदी बायकापोरांसह राहून शेती करत आले. माझे वडील, अण्णा, त्यांच्याकडची वांगी घेऊन यायचे आणि आई ती निवडताना कधी ‘कुणाच्या हातची’ म्हणून विचारायची नाही.

परवा रात्री दोन वाजता एका पॅरोलवरच्या माणसाचा फोन आला. आई पेनसिल्व्हेनियात वारली होती. विचारल्याशिवाय राज्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही त्याची अट. तो रडत नव्हता. फक्त ‘सकाळच्या बसनं गेलो तर पोचेन’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. परवानगी देणारी मी नव्हे. नाव, जन्मतारीख, नंबर घेऊन मी रात्रीच्या सुपरवायझरला लावून दिलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी ‘मंजूर’ आलं. मी नोंद केली आणि पाणी प्यायला बाहेर जाऊन उभी राहिले.

मार्च २०२० मध्ये भारतानं परदेशातून येणारी प्रवासी विमानं बंद केली. अण्णा एप्रिलमध्ये गेले. माझ्याकडे पासपोर्ट होता, पैसे होते, कसला गुन्हा नव्हता, आणि अर्ज करायला कुणी नव्हतं. त्या दिवशी सरणापाशी फोन धरून उभे होते ते मामाच. धग लागली की त्यांचा हात मागे जायचा, आणि मला नुसतं आभाळ दिसायचं. ‘दिसतंय का गं बाळा?’ ते विचारायचे. मी हो म्हणायचे.

मामा, ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. पण बातमीतल्या त्या माणसाला, पोलिसांच्या पहाऱ्यात का होईना, बापाच्या तोंडात पाणी घालता आलं ना?