चुन्याची पुडी आणि पोरांचे डोळे

घरात तंबाखू खाणारं कुणी असेल तर आधी उठून चुना कुठे ठेवलाय ते बघा. मग पुढचं वाचा.

मी ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांच्या ओपीडीत काम करते. चुन्याची प्लॅस्टिकची पुडी हाती लागली की तीन-चार वर्षांचं पोर ती दाबणारच. पुडी फुटते, चुना थेट डोळ्यात. घरचे पदराने पुसतात, तूप घालतात, कुणी आईचं दूध पिळतं आणि मग गाडी शोधायला धावतात. आमच्यापर्यंत पोचेतो तास-दीड तास गेलेला असतो.

तो तासच सगळा खेळ आहे हो. चुना हा अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट जातीचा, पण तितकाच जाळणारा पदार्थ. पेशींमधल्या स्निग्धाचा साबण करत तो आत आत उतरतो. बुबुळाच्या कडेला त्याचा वरचा थर सतत नवा करणाऱ्या मूळ पेशी असतात, त्या जळल्या की बुबुळ पांढरं होतं, आपण म्हणतो फूल पडलं. या पेशींचं रोपण करता येतं, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून २०१२ मध्ये त्याची सोपी पद्धतही पुढे आली. पण लहान वयात डोळा झाकोळलेला राहिला तर मेंदू त्याला विसरतो. मग बुबुळ स्वच्छ होऊनही पोराला नीट दिसत नाही.

म्हणून गाडी नंतर, पाणी आधी. हंड्यातलं, नळाचं, जे स्वच्छ असेल ते. पोराला चादरीत गुंडाळा, एकाने डोकं धरा, दुसऱ्याने पापण्या उघडून धार सोडा. किमान अर्धा तास. ते किंचाळेल, शेजारी तुम्हाला नावं ठेवतील, ठेवू देत. लिंबू-बिंबू पिळू नका. मग दवाखान्यात या. वरच्या पापणीखाली चुन्याचे कण चिकटलेले असतात, ते पापणी उलटवून आम्ही काढतो.

विटी, बाण, पेन्सिल डोळ्यात घुसली असेल तर मात्र सगळं उलट. पाणी नाही, चोळणं नाही, घुसलेलं उपसणं तर नाहीच. वर कागदी कप उपडा धरा आणि निघा. वाटेत बिस्किटं देऊन गप्प करू नका, कारण भूल द्यावी लागते आणि पोट भरलेलं असलं की ऑपरेशन लांबतं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी राखून ठेवायचा कायदा आहे. तिच्यासोबत खिशात असणाऱ्या चुन्याच्या पुडीवर डोळ्यांबद्दल एक ओळसुद्धा मी आजवर पाहिली नाही. पोराला उघडता येणार नाही अशी कडक डबी सक्तीची केली तर किती महाग पडेल? रुपया-दोन रुपये? तंबाखू खाणारा तेवढे आनंदाने मोजेल.