व्हरांड्यातला इटालियन

शनिवारी कीबोर्डच्या क्लासच्या मॅडमनी मला वर्गाबाहेर बसवलं. सांगलीच्या विश्रामबागेत, भर संध्याकाळी, या वयात. "आधी संगीताच्या सगळ्या इटालियन टर्म्स पाठ करा, मग शंका काढा." आत आठ-नऊ वर्षांची पोरं टिंगटिंग करतायत, आणि बाहेर मी नि एका मुलीचे आजोबा.

"पालक का?"

"नाही, विद्यार्थी."

आजोबांनी चष्मा पुसून मला परत एकदा पाहिलं आणि माझ्या हातातली वहीच काढून घेतली.

"पियानो म्हणजे हळू? अहो, पियानो म्हणजे ते काळं धूड ना?"

"ते पण पियानोच."

"म्हणजे पियानोवर पियानो वाजवायचं?"

मग मला क्रिस्तोफोरीपर्यंत जावं लागलं. १७०० च्या सुमाराला इटलीत या कारागिरानं तारांवर हातोड्या बसवल्या. हार्प्सिकॉर्ड या जुन्या वाद्याची कळ कशीही दाबा, आवाज जवळपास तेवढाच. याचा मात्र बोटाच्या जोरावर हळू किंवा मोठा. म्हणून 'पियानो' आणि 'फोर्टे' दोन्ही नावात. पुढे लोकांनी फोर्टे गाळला.

"जोरात गाळलं आणि हळू ठेवलं! आमच्या गावभागात शंभर किलोचा एक बारक्या होता, त्यातलाच प्रकार. बरं, हे ब्रीव्ह?"

"म्हणजे आखूड. आठ मात्रांचा स्वर."

"आणि सगळ्यात लांब कुठला?"

"तोच."

आजोबांनी वही मिटली. मध्ययुगात त्याच्याहून लांब 'लाँगा' होता, पुढे बारके बारके स्वर येत गेले आणि हा आपोआप थोरला झाला, हे मी सांगायला घेतलं, पण ते केव्हाच मिरजेच्या गवयांकडे पोचले होते. अंदान्ते म्हणजे आपली मध्यलय, सगळं आपल्याकडे आधीपासून आहे वगैरे. आणि मग एकदम, "अब्दुल करीम खाँसाहेबांना कुणी असं व्हरांड्यात बसवलं असतं का हो?"

हे मात्र लागलं. कारण माझी शंका एवढीच होती की क्रेसेंडो म्हणजे आवाज हळूहळू चढवणं, हे मी पाच वेळा लिहून पाठ केलंय. पण क्लासच्या कीबोर्डची कळ हळुवार दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज तस्साच येतो, तर तो चढवायचा कसा? यात उद्धटपणा कुठे आला? फी आगाऊ घेता, तर एखादा खरा क्रेसेंडो मोबाइलवर तरी ऐकवा. सांगलीत ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत हिंदी गाणी म्हणणारा. तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत फोर्टिस्सिमोच, म्हणजे एकदम जोरात.

तेवढ्यात नात बाहेर आली. आजोबांनी लगेच तिची परीक्षा घेतली.

"पियानो म्हणजे काय गं?"

"सॉफ्ट."

"मग वाजवायचं कसं?"

"व्हॉल्यूमचं बटण खाली करायचं."

"बघा," आजोबा वही माझ्या मांडीवर ठेवत म्हणाले, "एवढं सोपं आहे."