मोरजीचे शिरस्त्राणपर्व

माणसाने समुद्रावर जावे, घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहावे, भेळ खावी आणि चपला झटकून परत यावे, अशी व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी विचारपूर्वक घालून दिलेली होती. तिच्यात बदल करण्याचे मला काही कारण दिसत नव्हते. परंतु माझी मुलगी मंगळुरूजवळच्या मुल्कीला जाऊन सर्फिंग शिकून आली आणि "बाबा, तुला लाटा झेपायच्या नाहीत, तू काइटसर्फिंग कर, त्यात सगळं काम वाराच करतो," असे तिने सांगितल्यामुळे पन्नाशी ओलांडलेला, उणे सहाचा चष्मा लावणारा मी ऐन एप्रिलमध्ये गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर दाखल झालो. वारा सगळे काम करतो हे खरे निघाले. मला उरले ते फक्त डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर गॉगल चढवण्याचे काम, आणि मी लिहिणार आहे तेही तेवढ्याबद्दलच, कारण बाकीच्या काइटसर्फिंगबद्दल अधिकारवाणीने बोलावे इतके ते माझ्या हातून झालेले नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हवा भरून ताठ केलेला ९ ते १२ चौरस मीटरचा पतंग (पुण्यात एवढ्या जागेला बिल्डर बेडरूम म्हणतात) २० ते २५ मीटर लांबीच्या दोऱ्यांनी आपल्या कमरेच्या हार्नेसला अडकवलेला असतो, हातात बार नावाचा दांडा असतो आणि पायांखाली एक फळी असते, निदान असावी अशी अपेक्षा असते. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापली की तिच्यावरची हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरचा वारा वायव्येकडून आत येतो आणि शापोरा नदीच्या मुखापासून आश्वेपर्यंत आकाशात रंगीबेरंगी पतंग दिसू लागतात. अशा वाऱ्यात एवढे कापड कमरेला बांधून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोक्याला काही होऊ शकते, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. गंमत अशी, की नुसत्या पाण्यात पडून डोके सहसा फुटत नाही. पतंग उडवतानाच जोराचा झोत आला आणि माणूस वाळूतून फरफटत वर ओढून ठेवलेल्या रापणकार कोळ्यांच्या होडीपर्यंत पोहोचला तर ते फुटते, नाहीतर स्वतःचीच फळी लाटेबरोबर प्रेमाने परत आली तर फुटते.

हेल्मेटचे माप घेण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी, की शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून घेऊन डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची. माझे माप ६१ सेंटिमीटर भरले. "डोकं मोठं आहे हे लग्नापासून माहीत होतं, आकडा आज कळला," असे सौ. म्हणाली आणि टेप गुंडाळून डब्यात ठेवली. प्रशिक्षण केंद्राच्या पेटीतली हेल्मेटे मात्र सगळी मध्यम मापाची, म्हणजे कोणालाच नीट न बसणारी होती, आणि त्यांच्यात आदल्या शिष्याच्या सनस्क्रीनचा वास, थोडी वाळू आणि बराचसा ओलावा कायमचा वस्तीला होता. तेव्हा मी स्वतःचे हेल्मेट विकत घेतले. त्याच्या आत ईएन १३८५ असा आकडा छापलेला आहे. हा युरोपातला कनू (वल्ह्याची अरुंद होडी) आणि खळाळत्या पाण्यातल्या खेळांच्या हेल्मेटांसाठीचा मापदंड. आपल्या स्कूटरच्या हेल्मेटवर आयएस ४१५१ असते आणि ते समुद्रात चालत नाही, हे मी आधी विचारून घेतले होते, कारण घरात एक हेल्मेट जवळजवळ न वापरलेले पडून होते. पाण्याच्या हेल्मेटला निचऱ्यासाठी भोके असतात, आतला फोम पाणी पीत नाही आणि पुढे कपाळावर येणारी झापड नसते, कारण वेगाने पाण्यावर आपटताना त्या झापडीखाली पाणी भरले तर आधी हेल्मेट मागे जाते आणि पाठोपाठ मान.

ते न वापरलेले हेल्मेट का पडून होते, हे पुणेकरांना सांगायला नको. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे करणारे कलम १२९ आहेच, पण १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी ते मनावर घेतले तेव्हा शहरात जो जनक्षोभ उसळला त्यात माझाही खारीचा वाटा होता. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही आणि काढल्यावर ठेवायचे कुठे, हे चार मुद्दे मी भर चौकात, गाडी स्टँडवर लावून मांडलेले आहेत. तीच सक्ती मोरजीत मी रोख पैसे भरून स्वतःवर करून घेतली. सवयीने तेच चार मुद्दे मी आमच्या प्रशिक्षकापुढेही ठेवले. तो पेडण्याकडचा पंचविशीतला मुलगा, अत्यंत शांत. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, हांगा फाटल्यान कोण हॉर्न मारिना." म्हणजे इथे मागून कोणी हॉर्न मारत नाही. केसांच्या मुद्द्यावर त्याने माझ्या डोक्याकडे एकदा पाहिले आणि काही बोलला नाही.

कानांचा प्रश्न मात्र खरोखरच उभा राहिला. वाऱ्याची दिशा ओळखण्याचा पहिला धडा असा होता, की डोळे मिटून सावकाश वळायचे आणि वारा दोन्ही कानांत सारखा वाजू लागला की आपले तोंड वाऱ्याकडे आहे असे समजायचे. हा धडा मला चांगला जमला. दुसऱ्या धड्यात कानपट्ट्या असलेले हेल्मेट घालायला सांगितले. कानपट्ट्या कशासाठी, तर वेगाने कानावर पडल्यास पाण्याच्या थपडेने पडदा फाटू शकतो. थंड समुद्रात वर्षानुवर्षे सर्फिंग करणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाड वाढते असेही ऐकले होते, पण मोरजीचे एप्रिलमधले पाणी आंघोळीला काढल्याइतके कोमट असल्यामुळे ती चिंता मी सोडून दिली. कान झाकल्यावर वारा चारही बाजूंनी येत असल्याचा भास होऊ लागला, म्हणून त्यावर उपाय म्हणून हेल्मेटमध्ये एक छोटे बिनतारी यंत्र बसवले गेले. आता वारा ऐकू येत नाही, पण किनाऱ्यावर उभा असलेला प्रशिक्षक थेट मेंदूत बोलतो. आयुष्यात डोक्याच्या आतून आज्ञा येण्याचा अनुभव मला नवीन नाही, परंतु त्या कोकणीत कधी आलेल्या नव्हत्या.

डोळ्यांचे प्रकरण याहून गहन आहे. वारा, क्षार आणि अतिनील किरण यांच्यामुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसाचा एक पडदा सरकू लागतो, त्याला परदेशात 'सर्फर्स आय' म्हणतात, असे आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितले, आणि कधीही सर्फिंग न केलेल्या कोळ्यांना व शेतकऱ्यांना तो फुकट होतो, अशी पुस्तीही जोडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे वरचे ऊन टोपीने अडवावे तर खालचे हनुवटीकडून वर येते. "मग कॉन्टॅक्ट लेन्स?" असे विचारताच बाईंनी पाण्यातल्या अकॅन्थअमीबा नावाच्या जीवाचे वर्णन केले, जो लेन्सखाली शिरून बुबुळ पोखरतो. अमीबाशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला, अशा समजुतीत मी होतो. लेन्सचा विषय तिथेच मिटला.

राहिला नंबरचा गॉगल. चष्म्याच्या दुकानातल्या मुलाने "सर, स्विमिंगला की सायकलिंगला?" असे विचारले. दोन्हीही नाही आणि दोन्हीही थोडे थोडे, हे उत्तर त्याच्या बिलिंगच्या संगणकात बसेना. अखेरीस कडेने फोम असलेली, डोक्यामागून पट्टा येणारी, उणे सहाच्या पोलराइज्ड काचांची एक चीज तयार झाली, जिची किंमत मी घरी अजून पूर्ण सांगितलेली नाही. पोलराइज्ड काचेचा गुण मात्र मान्य करावा लागेल. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशी आडवा कंप पावत येतो, ही काच नेमका तोच अडवते, आणि चकाकी नाहीशी होऊन पाण्याखालची वाळू व क्वचित एखादी जेलीफिश स्वच्छ दिसते. जेलीफिश दिसली नसती तर माझे मन जास्त शांत राहिले असते, हा भाग वेगळा. याच काचेतून मोबाइल विशिष्ट कोनात धरला की पडदा काळाठिक्कर दिसतो. वाऱ्याचा अंदाज पाहताना फोन बिघडला असे समजून मी तो दोनदा बंद करून चालू केला, तेव्हा शेजारच्या रशियन बाईंनी माझी मान हळूच तिरकी करून दिली.

या गॉगलची मी यथेच्छ टिंगल करीत असताना मुलीने फोनवर जॅक ओ'नील यांची हकिगत ऐकवली. वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाच्या, व्यवसायात नाव काढलेले हे कॅलिफोर्नियाचे गृहस्थ. सर्फिंगची फळी वाहून जाऊ नये म्हणून ती ताणल्या जाणाऱ्या दोरीने बांधण्याची कल्पना त्यांच्या मुलाने काढली, आणि १९७१ मध्ये तीच दोरी ताणून सुटल्यावर फळी परत येऊन वडिलांच्या डाव्या डोळ्यावर बसली. डोळा गेला. काळ्या पट्टीचा, दाढीवाला त्यांचा चेहरा पुढे जगभर ओळखला जाऊ लागला. मुलांच्या कल्पनांवर विश्वास ठेवणाऱ्या बापांविषयी मला त्या दिवसापासून विशेष आपुलकी वाटते. काइटसर्फिंगमध्ये नवशिक्याची फळी दोरीने बांधत नाहीत, त्याचे कारणही हेच. फळी सुटली तर तिच्यामागे पतंगाच्या ओढीने पाण्यातून सरपटत जायचे, याला बॉडी ड्रॅगिंग म्हणतात, आणि माझा पाण्यातला बहुतेक काळ त्यातच गेला.

हे सगळे अंगावर चढवण्याला एक क्रम आहे. गॉगल आधी आणि हेल्मेट नंतर घातले तर हेल्मेटच्या कडेने गॉगल नाकावर खाली रेटला जातो. हेल्मेट आधी घालून गॉगलचा पट्टा वरून घेतला तर पहिल्याच लाटेत तो घसरतो आणि गॉगल गळ्यात येतो. मधला मार्ग म्हणजे पट्टा हेल्मेटच्या आतून, कानपट्टीच्या खालून, हनुवटीच्या बकलाच्या मागून घ्यायचा, आणि तो घेईपर्यंत बकलात गळ्याची कातडी एकदा तरी सापडते. हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढी ढील ठेवायची असते. बोटे कोणाची, हे सांगितलेले नसते. माझी जात नव्हती, प्रशिक्षकाची गेली. मग "वारा येईल आता, तयार राहा," असा आदेश होतो आणि आपण तयार राहतो. दुपारी एक वाजता तयार राहिलेला मनुष्य साडेतीनपर्यंत तसाच तयार असतो. फोमच्या आत घाम साठतो, घामाबरोबर कपाळावरचे सनस्क्रीन डोळ्यांत उतरते आणि ते चोळायला बोट जाऊ शकत नाही, कारण गॉगल काढायचा तर हेल्मेट काढावे लागते, आणि हेल्मेट काढले की वारा येतो. या शेवटच्या गोष्टीमागचे शास्त्र मला कोणी समजावलेले नाही, परंतु ती कधी चुकली नाही.

पाण्यात उतरल्यावर गॉगल आतून धुरकट होतो. चेहऱ्याची गरम, दमट हवा थंड काचेला लागून तिच्यावर बारीक थेंब धरते. काचेवर थुंकी चोळून ती विसळून टाकण्याचा जुना उपाय आहे आणि तो चालतोही, फक्त एवढी किंमत मोजलेल्या वस्तूवर थुंकायला मन धजावत नाही. त्यामुळे मला पतंग हा एक निळसर ठिपका, किनारा ही एक पिवळसर पट्टी आणि बार ही एक अफवा म्हणून दिसत असे. बारची डावी बाजू लाल रंगाची ठेवण्याचा प्रघात ज्या कोणी पाडला त्याचे माझ्यावर उपकार आहेत. "वयर पळय, काका, वयर!" असे हेल्मेट सांगे. मी वर पाही. वर धुके असे. "भियेनाका," असे हेल्मेट धीर देई, आणि त्याच क्षणी पतंग कोणत्या बाजूला कोसळला हे मला ओढ कुठून लागली त्यावरून समजे.

अशाच एका ओढीत सुटलेली फळी शोधत मी सरपटत असताना मागून लाट आली आणि डाव्या कानाच्या वर 'टक्' असा, नारळ वाजवून पाहताना येतो तसा, कोरडा आवाज झाला. दुखले काहीच नाही. हात लावून पाहिला तर हेल्मेटच्या लाल रंगावर फळीच्या कडेचा बोटभर ओरखडा उठला होता. यंत्रातून काही वेळ नुसती खरखर आली आणि मग अतिशय शांत आवाजात प्रश्न आला, "आतां कळ्ळें?" चारही मुद्दे मी तिथेच, कमरेइतक्या पाण्यात, मागे घेतले. केसांचा तर तसाही टिकणारा नव्हता.

त्या संध्याकाळी काढलेला फोटो सौ.ने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. पहिला प्रतिसाद धाकट्या मामांचा होता: "कोणत्या साइटवर लागलास? पगार वेळेवर देतात का?" मी त्यांना कळवले, की २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात काइटच्या शर्यती झाल्या तेव्हा जगातले सर्वोत्तम खेळाडू हेल्मेट घालूनच उतरले होते. ऑस्ट्रेलियाचा सर्फर ओवेन राइट याचेही उदाहरण दिले. डिसेंबर २०१५ मध्ये हवाईतल्या पाइपलाइन नावाच्या प्रसिद्ध सर्फिंगच्या जागी लाटेने त्याच्या मेंदूला इजा झाली, सावरून त्याने २०१७ मध्ये पुन्हा स्पर्धा जिंकली, टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले आणि मोठ्या लाटांवर तो हेल्मेट घालूनच जाऊ लागला. यावर मामांनी अंगठा दाखवला आणि स्कूटरवर हेल्मेट घालायला लागलास का, असे विचारले. त्या गटावर मी हल्ली फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.

घरी आल्यावर दोन्ही वस्तू गोड्या पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात, कारण मिठाचे कण वाळल्यावर काच शर्टाने पुसली तर तिच्यावर रेघोट्या उमटतात. गुरुवारी पाणी बंद असण्याच्या सुमारास ती बादली हा आमच्याकडे वादाचा विषय होतो. तेवढ्यात मुलीचे बालीला सर्फिंगला जायचे ठरले. तिथल्या लाटा उथळ प्रवाळावर फुटतात, असे कळल्यावर तिने माझ्या परवानगीवाचून बादलीतून हेल्मेट बाहेर काढले, आत जाड पॅड लावले, मागची कळ शेवटपर्यंत फिरवली आणि आरशासमोर उभी राहिली. गॉगल तिने बादलीतच राहू दिला. पट्टा कोणत्या क्रमाने घ्यायचा, बकलात कातडी कशी सापडू द्यायची नाही, दोन बोटांचा नियम काय आणि ईएन १३८५ म्हणजे काय, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितले. ती मान डोलावत शांतपणे ऐकत होती. इतके लक्ष देऊन तिने माझे कधीच ऐकलेले नसल्यामुळे मी समुद्रात काय काय सांभाळावे तेही सांगून घेतले, आणि कानपट्ट्या वर करून ती "काय रे बाबा, काही म्हणालास का?" असे म्हणाली तेव्हा मी जेलीफिशवर आलो होतो.